सिटाग्लिप्टिनचे तीन मार्ग: औषध-संश्लेषणाच्या पर्यावरणीय हिशेबाचे एक प्रकरण

टाइप २ मधुमेहावर घेतल्या जाणाऱ्या सिटाग्लिप्टिनच्या नेहमीच्या गोळीत १०० मिलिग्रॅम औषध असते. हे औषध तयार करण्याची रीत पहिल्यांदा बदलली, तेव्हा दर किलो औषधामागे निघणारा कचरा २२० किलोंनी कमी झाला. एका किलोत अशा दहा हजार गोळ्यांचे औषध होते. म्हणजे एकेका गोळीमागे २२ ग्रॅम कचरा वाचला. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या औषधाच्या वजनाच्या २२० पट असलेला हा पदार्थ त्याला कधीच दिसत नाही. तो कारखान्यातच निर्माण होतो, तिथेच जाळला जातो, शुद्ध केला जातो किंवा कुठेतरी सोडला जातो.

मर्क या अमेरिकी कंपनीने विकसित केलेल्या या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००६ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी, वर सांगितलेल्या सुधारित मार्गासाठी, मर्कला प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री चॅलेंज हा पुरस्कार मिळाला. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, याच औषधाच्या आणखी नव्या मार्गासाठी मर्क आणि कोडेक्सिस या दोन कंपन्यांना तोच पुरस्कार मिळून देण्यात आला. एकदा गौरवलेला मार्ग बाजूला सारून त्याची जागा घेणारा मार्गही गौरवला जावा, असे क्वचितच घडते. तिन्ही मार्गांचे रसायनशास्त्र प्रसिद्ध झालेले असल्यामुळे आपल्याला ते शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात. या लेखात मला मुख्यतः एका प्रश्नाचा छडा लावायचा आहे: दुसऱ्या मार्गावरून तिसऱ्यावर जाण्याने पर्यावरणाचा नेमका किती आणि कोणता फायदा झाला? उत्तर सरळ नाही, कारण हिशेबाची सीमा कुठे आखली यावर ते बदलत जाते.

रेणूची जडणघडण

सिटाग्लिप्टिनचा रेणू दोन तुकड्यांचा आहे असे समजणे सोयीचे ठरते. डावीकडे तीन फ्लोरिन अणू असलेले बेंझिनचे कडे आणि त्याला जोडलेली चार कार्बनची साखळी. उजवीकडे ट्रायफ्लुओरोमिथिल गट धारण करणारे ट्रायझोलोपायपरॅझिनचे जोड-कडे. दोन्ही तुकडे अमाइड बंधाने जोडलेले असतात. डाव्या साखळीच्या तिसऱ्या कार्बनवर एक ॲमिन गट असतो आणि सगळी अडचण त्या एका गटाची आहे. हा गट त्या कार्बनवर दोन प्रकारे बसू शकतो. त्यातून एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असावीत असे दोन रेणू तयार होतात, आणि औषध म्हणून हवा असतो तो त्यांतला एकच, ज्याला ‘आर’ रूप म्हणतात. साधी रासायनिक क्रिया दोन्ही रूपे निम्मी निम्मी देते. हवे ते रूप जवळपास निर्भेळ मिळवण्यासाठी जे करावे लागते, त्यातच तीन मार्गांचा खरा फरक आहे. दोन्ही मूळ तुकडे तिन्ही मार्गांत जवळजवळ तेच राहतात. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण शेवटी आपल्याला तिच्याकडेच परत यायचे आहे.

पहिला मार्ग

औषध अजून चाचण्यांच्या टप्प्यावर होते तेव्हा ते लवकर आणि खात्रीने मिळणे महत्त्वाचे होते. पहिल्या मार्गात बीटा-कीटोएस्टर या सुरुवातीच्या पदार्थाचे रुथेनियमच्या उत्प्रेरकाने हायड्रोजनीकरण करून, म्हणजे त्याला हायड्रोजन जोडून, आधी योग्य बाजूचा हायड्रॉक्सिल गट बसवला जाई आणि मग त्या जागी नायट्रोजन आणला जाई. हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजन आणताना मित्सुनोबू पद्धतीची बंदिस्तीकरण क्रिया वापरून लॅक्टम, म्हणजे अमाइड बंधाचे बंद कडे, बनवले जाई. त्यानंतर ते उघडणे, उजवा तुकडा जोडणे, संरक्षक गट काढणे अशी कामे येत. एकूण आठ पायऱ्या आणि ५२ टक्के एकूण उतारा, म्हणजे जास्तीत जास्त शक्य असलेल्या उत्पादनापैकी प्रत्यक्ष हाती आलेला भाग. या मार्गाने शंभर किलोहून अधिक औषध तयार झाले, आणि चाचण्यांसाठी ते पुरेसे होते.

या मार्गाचे दुखणे मित्सुनोबूच्या एका पायरीत जवळून पाहता येते. या क्रियेत ट्रायफेनिलफॉस्फिन हा पदार्थ ऑक्सिजन उचलून घेतो आणि ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड बनतो. त्याचे रेणूवजन २७८ आहे आणि सिटाग्लिप्टिनचे ४०७. म्हणजे कोणतीही नासाडी झाली नाही, प्रत्येक रेणू औषधापर्यंत पोहोचला असे मानले तरी दर किलो औषधामागे या एकाच उपउत्पादनाचे ६८० ग्रॅम तयार होणारच. याशिवाय अझोडायकार्बॉक्झिलेटचा उरलेला भाग आहे, तुकडे जोडण्यासाठी वापरलेल्या कार्बोडायइमाइडचा युरिया आहे, आणि हे सारे औषधापासून वेगळे करण्यासाठी लागणारे द्रावक व धुण्याचे पाणी आहे. ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड ना पाण्यात विरघळते ना सहज उडून जाते, त्यामुळे ते काढून टाकणे हा संश्लेषण-रसायनज्ञांचा जुना डोकेदुखीचा विषय आहे. मात्र कचऱ्याचा मोठा ढीग या साडेसहाशे-सातशे ग्रॅमांनी बनत नाही. तो बनतो त्यांना बाजूला काढताना वापरलेल्या द्रावकांनी आणि पाण्याने.

औषधनिर्मितीत हा नियमच आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या हरित रसायनशास्त्र संस्थेने औषध कंपन्यांसोबत २००५ मध्ये एक गोलमेज गट स्थापन केला. त्या गटाने सदस्य कंपन्यांच्या प्रक्रियांची जी तुलना केली, तीत वापरलेल्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे ५६ टक्के द्रावके, ३२ टक्के पाणी आणि प्रत्यक्ष क्रियेत भाग घेणारे पदार्थ फक्त ७ टक्क्यांच्या आसपास आढळले. प्रयोगशाळेत फळ्यावर समीकरण लिहिताना आपण ज्या पदार्थांची नावे लिहितो, ते सगळे मिळून या ढिगाचा जेमतेम चौदावा भाग असतात.

दुसरा मार्ग

दुसऱ्या मार्गाची कल्पना धाडसी होती. ॲमिन गटावर कोणतेही संरक्षक आवरण न ठेवता, नायट्रोजन आधीच जागेवर असलेल्या असंतृप्त रेणूचे, म्हणजे एनामाइनचे, थेट हायड्रोजनीकरण करायचे. असे उघडे एनामाइन या क्रियेला चालणार नाही, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. रोडियम हा धातू आणि त्याला धरून ठेवून क्रियेला दिशा देणारा जोसिफॉस कुळातील लायगंड यांच्या जोडीने ते चालले, आणि तेही केवळ ०.१५ मोल टक्के उत्प्रेरकात, म्हणजे दर लाख रेणूंमागे दीडशे उत्प्रेरक. त्याआधीच्या तीन पायऱ्या एकाच भांड्यात, मधले पदार्थ वेगळे न काढता केल्या जातात आणि डिहायड्रोसिटाग्लिप्टिन, म्हणजे हेच एनामाइन, ८२ टक्के उताऱ्याने थेट गाळून मिळते. एकूण उतारा ६५ टक्क्यांपर्यंत जातो.

या बदलाचे मोल मला पायऱ्या कमी होण्यापेक्षा एका वेगळ्या गोष्टीत अधिक वाटते: या मार्गात जलीय सांडपाण्याचा प्रवाह पूर्णपणे नाहीसा झाला. मर्कच्या अंदाजानुसार औषधाच्या संपूर्ण आयुष्यात किमान ३३ कोटी पौंड, म्हणजे सुमारे दीड लाख टन कचरा टळणार होता आणि त्यातील जवळपास ११ कोटी पौंड, म्हणजे सुमारे ५० हजार टन, जलीय कचरा होता. टळलेल्या कचऱ्याचा तिसरा हिस्सा पाण्याचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९९२ मध्ये रॉजर शेल्डन यांनी मांडलेला ई-फॅक्टर, म्हणजे दर किलो उत्पादनामागे किती किलो कचरा हे गुणोत्तर, मूळ मांडणीत पाणी धरत नाही; तर गोलमेज गटाने रूढ केलेली प्रोसेस मास इंटेन्सिटी, म्हणजे दर किलो उत्पादनासाठी आत गेलेले एकूण किलो, पाण्यासह मोजली जाते. एकाच सुधारणेचा आकडा कोणत्या मोजपट्टीने सांगितला जात आहे, हे न विचारता दोन कारखान्यांची तुलना करणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता इथेच सर्वाधिक असते.

या मार्गाच्या उणिवाही होत्या. हायड्रोजनीकरणाला २५० पीएसआय, म्हणजे सुमारे १७ बार दाब लागे. त्यासाठी उच्च दाबाचे खास रिअॅक्टर हवे. हायड्रोजनीकरणानंतर हव्या रूपाचा अतिरेक, म्हणजे हव्या रूपाच्या टक्क्यांतून उलट्या रूपाचे टक्के वजा करून उरणारा आकडा, सुमारे ९७ टक्के असे. ऐकायला हे भरपूर वाटते, पण त्याचा अर्थ शंभरातले दीड रेणू उलट्या बाजूचे होते, आणि औषधासाठी ते चालत नाही. म्हणून रोडियमचे अंश शोषून घेण्यासाठी कोळशाची प्रक्रिया आणि मग उलटे रूप गाळण्यासाठी पुनर्स्फटिकीकरण करावे लागे. प्रत्येक पुनर्स्फटिकीकरणात द्रावक लागते आणि आईद्रवात, म्हणजे स्फटिक काढून घेतल्यावर उरणाऱ्या द्रवात, थोडे औषध हरवते. हे हरवलेले औषध म्हणजे त्याच्या मागच्या सगळ्या पायऱ्यांचा कचरा पुन्हा एकदा केल्यासारखे असते.

तिसरा मार्ग

तिसऱ्या मार्गात डावा-उजवा तुकडा जोडलेल्या कीटोनवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, थेट ॲमिन गट बसवते. हे एन्झाइम ट्रान्सअमिनेज वर्गातले. ते आयसोप्रोपिलॲमिनकडून ॲमिन घेते, आपल्या कीटोनला देते आणि आयसोप्रोपिलॲमिनचे ॲसिटोन होते. निसर्गातून मिळालेल्या मूळ एन्झाइमला सिटाग्लिप्टिनचा कीटोन मुळीच पचत नव्हता. त्याच्या सक्रिय खोबणीत तो मावतच नसे. म्हणून आधी छोट्या, कापून काढलेल्या कीटोनवर एन्झाइमला वळण लावले गेले, मग खोबण हळूहळू रुंद केली गेली. उत्क्रांतीच्या अकरा फेऱ्यांनंतर मूळ एन्झाइमपेक्षा २७ ठिकाणी वेगळे असलेले एन्झाइम हाती आले. प्रयोगशाळेत एन्झाइमची उत्क्रांती घडवण्याच्या या तंत्राच्या पायाभूत कामासाठी फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

पर्यावरणीय हिशेबाच्या दृष्टीने या फेऱ्यांचा अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. सुरुवातीच्या रूपात एन्झाइम लिटरमागे २ ग्रॅम कीटोनवर काम करी, तेही १० ग्रॅम एन्झाइम घालून, आणि रूपांतर एक टक्क्याहूनही कमी. त्या प्रमाणात एक किलो कीटोनसाठी ५०० लिटर मिश्रण आणि ५ किलो एन्झाइम लागले असते. एन्झाइम वापरले म्हणजे प्रक्रिया हरित झाली, अशी समजूत असणाऱ्याने हे दोन आकडे जरूर पाहावेत. ही प्रक्रिया रोडियमच्या तुलनेत कुठेच टिकली नसती. अंतिम एन्झाइम लिटरमागे २०० ग्रॅम कीटोनवर चालते आणि त्यासाठी ६ ग्रॅम पुरतात. आता एक किलो कीटोनसाठी ५ लिटर मिश्रण आणि ३० ग्रॅम एन्झाइम लागते. मिळणाऱ्या औषधात हव्या रूपाचा अतिरेक ९९.९५ टक्क्यांहून कमी नसतो, म्हणून उलटे रूप काढण्यासाठीचे पुनर्स्फटिकीकरण उरत नाही. दाबाचा रिअॅक्टर लागत नाही. साध्या बहुउद्देशीय भांड्यात ४५ अंशांच्या आसपास क्रिया चालते आणि तयार होणारे ॲसिटोन निर्वाताने बाहेर ओढून तोल पुढे सरकवला जातो.

प्रसिद्ध झालेली तुलना अशी: दुसऱ्या मार्गाच्या मानाने एकूण उतारा १० ते १३ टक्क्यांनी वाढला, दिवसाकाठी दर लिटर भांड्यामागचे उत्पादन ५३ टक्क्यांनी वाढले, एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला आणि जड धातू पूर्णपणे गेले.

मोजपट्ट्या एकमेकींशी कुठे भांडतात

१९९१ मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी मांडलेली अणू-अर्थव्यवस्था, म्हणजे आत गेलेल्या अणूंपैकी किती वजनाचे अणू उत्पादनात आले हे प्रमाण, या पायरीला लावून पाहू. कीटोनचे रेणूवजन ४०६.३. एन्झाइमच्या मार्गात ५९.१ वजनाचे आयसोप्रोपिलॲमिन आत जाते आणि ५८.१ वजनाचे ॲसिटोन बाहेर पडते. अणू-अर्थव्यवस्था साडेसत्त्याऐंशी टक्के येते. रोडियमच्या मार्गात कीटोनवर अमोनिया आणि हायड्रोजन जोडले जातात आणि फक्त पाणी बाहेर पडते, असे समीकरण लिहिले तर ती सुमारे ९६ टक्के येते. या मोजपट्टीवर जुना मार्ग जिंकतो. पण प्रत्यक्षात अमोनिया वायूऐवजी अमोनियम ॲसिटेट वापरले जाते. तेच समीकरणात धरले की रोडियमचा आकडा ८४ टक्क्यांवर उतरतो आणि एन्झाइम पुढे जाते. नायट्रोजनचा स्रोत कोणत्या नावाने लिहायचा, एवढ्यावरून निकाल फिरतो. शिवाय एन्झाइमच्या मिश्रणात आयसोप्रोपिलॲमिन गरजेच्या सुमारे दुप्पट असते. अणू-अर्थव्यवस्थेला हा जादा भाग दिसत नाही. मार्गाच्या कल्पनांची पहिली चाळण करण्यासाठी ही मोजपट्टी उत्तम आहे. अशा अटीतटीच्या तुलनेत मात्र तिच्यावर निर्णय टेकवणे मला धोक्याचे वाटते.

आता जड धातूंकडे पाहू, कारण तिसऱ्या मार्गाची स्तुती करताना सर्वांत आधी तेच सांगितले जाते. ०.१५ मोल टक्के या हिशेबाने दर किलो सिटाग्लिप्टिनमागे सुमारे ०.३८ ग्रॅम रोडियम लागते. रोडियम हा पृथ्वीवरील अत्यंत दुर्मिळ धातूंपैकी एक आहे. तो प्लॅटिनमच्या खनिजातून जोडउत्पादन म्हणून निघतो, आणि धातूंच्या जीवनचक्राच्या अभ्यासात त्याच्या दर किलोमागे सुमारे ३५ हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार दिला जातो. त्या दराने ०.३८ ग्रॅमचा भार सुमारे १३ किलो होतो. एका किलो औषधामागे हा आकडा लहान नाही. पण मर्कने ९५ टक्क्यांहून अधिक रोडियम परत मिळवून पुन्हा वापरात आणले होते. ते धरले की प्रत्यक्ष हरवलेल्या धातूचा भार ७०० ग्रॅमच्या खाली येतो. परत मिळवण्याच्या शुद्धीकरणाला ऊर्जा लागते ती वेगळी. म्हणजे धातू जाण्याचा हवामानाच्या दृष्टीने फायदा खरा, पण माफक आहे, आणि तो पुनर्प्राप्तीच्या टक्क्यावर टांगलेला आहे. पुनर्प्राप्ती ८० टक्क्यांवर घसरली तर तोच भार अडीच किलोच्या पुढे जातो. ज्या कारखान्याकडे धातू परत मिळवण्याची शिस्तबद्ध सोय नाही, त्याच्यासाठी रोडियमचा मार्ग कागदावर दिसतो त्यापेक्षा खूपच वाईट असतो. तुलना करताना ‘मार्ग’ तेवढा घेऊन चालत नाही, तो कोण चालवणार आहे हेही घ्यावे लागते.

एन्झाइमच्या बाजूला ३० ग्रॅम एन्झाइम आहे. किण्वनाने एन्झाइम बनवायला साखर, पाणी, हवा खेळवण्याची आणि निर्जंतुकीकरणाची ऊर्जा लागते. दर किलो एन्झाइममागे १० किलो कार्बन डायऑक्साइड असे सढळ हाताने धरले, तरी ३० ग्रॅमचे ३०० ग्रॅम होतात. परत मिळवलेल्या रोडियमशी तुलना केली तर दोन्ही आकडे एकाच पातळीवरचे आहेत.

खरा भार दुसरीकडे आहे. ५ लिटरच्या मिश्रणात सुमारे निम्मे डायमिथिल सल्फॉक्साइड असते, कारण हा कीटोन पाण्यात विरघळत नाही. निम्मे म्हणजे अडीच लिटर, वजनाने सुमारे पावणेतीन किलो. ते जाळायचे ठरवले तर त्यातील कार्बनमधून ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गंधकामधून सव्वादोन किलोच्या आसपास सल्फर डायऑक्साइड, जो धुराड्यात धुऊन काढावाच लागतो. जाळायचे नसेल तर ऊर्ध्वपातन करावे लागेल. पण हे द्रावक १८९ अंशांना उकळते आणि पाण्याशी कोणत्याही प्रमाणात मिसळते, म्हणून आधी सारे पाणी उडवून लावण्याची ऊर्जा घालावी लागते. ते जैविक शुद्धीकरणात सोडले तर ऑक्सिजन कमी पडताच त्यापासून डायमिथिल सल्फाइडचा उग्र दर्प तयार होतो. दुसऱ्या मार्गाच्या हायड्रोजनीकरणात मिथेनॉल होते. ते विषारी आहे, ज्वालाग्राही आहे, पण ६५ अंशांना उकळते आणि परत मिळवायला सोपे आहे. म्हणजे ज्या मार्गाने सांडपाणी शून्यावर आणले होते, त्याच्या जागी आलेल्या मार्गाने गंधकयुक्त द्रावक मिसळलेले पाणी परत आणले. पुरस्काराच्या बातमीत हा मुद्दा येत नाही. मूल्यमापन करणाऱ्याने तो पहिल्या पानावर लिहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मग १९ टक्के घट आली कुठून? त्यातला बराच भाग, माझ्या समजुतीनुसार, उताऱ्याचा आहे. एकूण उतारा १० टक्क्यांनी वाढला की त्याच औषधासाठी आधीच्या पायऱ्यांतील सगळे पदार्थ सुमारे ९ टक्के कमी लागतात. १३ टक्क्यांनी वाढला की साडेअकरा टक्के कमी. म्हणजे घटीचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक वाटा या एका कारणाने येऊ शकतो. बाकीचा वाटा पुनर्स्फटिकीकरण आणि कोळशाची प्रक्रिया गेल्याचा असावा. एन्झाइमच्या अंगच्या सौम्यपणापेक्षा त्याच्या अचूकपणाने इथे पर्यावरणाचे अधिक काम केले: उलटे रूप मुळात तयारच झाले नाही, म्हणून ते काढण्यासाठी काही वाया घालवावे लागले नाही.

मग निर्णय बरोबर होता का

माझ्या मते होता. कार्बनच्या हिशेबात धातू आणि एन्झाइम जवळपास बरोबरीत सुटतात, द्रावकाच्या बाबतीत नवा मार्ग नवी जबाबदारी आणतो, आणि तरीही उतारा, शुद्धता व उत्पादकता हे तिन्ही एकाच दिशेने सुधारतात. १७ बार हायड्रोजन कारखान्यातून जाणे हा कामगारांच्या सुरक्षिततेचा फायदा आहे आणि तो कोणत्याही वस्तुमान-गुणोत्तरात उतरत नाही. दुर्मिळ धातूवरचे अवलंबन संपणे हाही असाच फायदा आहे; रोडियम खाणीतून मुद्दाम वाढवून काढता येत नाही, ते प्लॅटिनम जितके निघेल तितकेच मिळते. तिसरा मार्ग स्वीकारताना एक अट मात्र मी घातली असती: डायमिथिल सल्फॉक्साइडचे पुढे काय होणार याचा वस्तुमान-ताळेबंद आधी मांडून दाखवा.

हिशेबाच्या सीमेबाहेर राहिलेले

आता सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या गोष्टीकडे येतो. वरची सगळी चर्चा डावा-उजवा तुकडा हाती आहे असे धरून चालली आहे. जीवनचक्र मूल्यमापनाची आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानके सीमा स्पष्टपणे घोषित करायला सांगतात, आणि दोन मार्गांत समान असलेला भाग तुलनेतून वगळण्याची पद्धतही सर्वत्र आहे. ती चुकीची नाही. तुलनेचा निष्कर्ष तिने बिघडत नाही. पण औषधाचा पर्यावरणीय भार किती, हा प्रश्न विचारणाऱ्याला तिचे उत्तर अपुरे पडते, कारण वगळलेला भागच अनेकदा मोठा असतो.

उजवा तुकडा घ्या. त्याच्या विकसित संश्लेषणात हायड्रॅझिन, एथिल ट्रायफ्लुओरोॲसिटेट, क्लोरोॲसिटिल क्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड आणि एथिलिनडायॲमिन लागते. चार पायऱ्या आणि ५२ टक्के उतारा. हायड्रॅझिन विषारी आहे आणि कर्करोगकारक असल्याचा त्याच्याविषयी संशय आहे. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड पाण्याच्या संपर्कात येताच हायड्रोक्लोरिक आणि फॉस्फरिक आम्ल देते, म्हणजे शेवटी क्षारयुक्त सांडपाणी. ट्रायफ्लुओरोमिथिल गटाच्या मुळाशी ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाचे रसायनशास्त्र आहे आणि ते आम्ल पर्यावरणात जवळजवळ विघटित होत नाही. शेवटच्या पायरीत रोडियम की एन्झाइम, या वादात यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. ५२ टक्के उताऱ्याचा हा तुकडा ७० टक्क्यांवर नेता आला, तर त्याच्यासाठी लागणारा कच्चा माल चौथ्या हिश्श्याने कमी होईल, आणि त्यासाठी कोणत्याही एन्झाइमच्या उत्क्रांतीची गरज नाही.

या तुकड्याने पुढे आणखी एक प्रश्न उभा केला. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की सिटाग्लिप्टिनच्या काही नमुन्यांत एनटीटीपी नावाची नायट्रोसॅमिन, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवू शकणाऱ्या संयुगांच्या वर्गातली, अशुद्धी आढळली आहे. उजवा तुकडा स्वतः द्वितीयक ॲमिन आहे. त्याला नायट्रोसीकरण करणारा पदार्थ भेटला की ही अशुद्धी बनते. तुटवडा होऊ नये म्हणून दिवसाला ३७ नॅनोग्रॅमची मर्यादा तात्पुरती २४६.७ नॅनोग्रॅमपर्यंत सैल करण्यात आली. पर्यावरणाच्या हिशेबात अशा घटनेला रकाना नसतो. पण नाकारल्या गेलेल्या प्रत्येक बॅचमागे सर्व पायऱ्यांचे द्रावक, ऊर्जा आणि कच्चा माल वाया जातो, म्हणून मार्ग निवडतानाच कोणता मधला पदार्थ कोणती अशुद्धी देऊ शकतो, हे वस्तुमानाच्या तक्त्याशेजारी मांडले गेले पाहिजे.

हिशेबाची सीमा पलीकडच्या टोकालाही ताणून पाहावी लागते. सिटाग्लिप्टिनचा सुमारे ७९ टक्के भाग शरीरात न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. ज्या १०० मिलिग्रॅमच्या गोळीमागे कारखान्यात २२ ग्रॅम कचरा वाचला, त्या गोळीतले सुमारे ७९ मिलिग्रॅम औषध आपल्या सहाही फ्लोरिन अणूंसह सांडपाण्यात उतरते, आणि हा आकडा तिन्ही मार्गांना एकच आहे.